लेंटमध्ये यंदा काय सोडू? (चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकचा प्रश्न)

वसईची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा विचित्र आहे, हसायचं तर हसा पण हसून झाल्यावर उत्तरही द्या. मी मूळची वसईची, कॅथलिक, लग्न होऊन इंदूरला लोकमान्य नगरात देशस्थ घरात आले. चर्चला जाणं कधीच सुटलंय, म्हणजे नाताळला जाते, माहेरी कुणाचं लग्न-मयत असलं तर जाते, बाकी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) नाही, रोजरीची माळ कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे तेही धड सांगता येणार नाही. देव आहे का विचाराल तर सोमवारी एक उत्तर देईन आणि गुरुवारी दुसरं.

पण लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, जवळ आला की चुळबुळ सुरू होते. यंदा, म्हणजे २०२६ला, राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) १८ फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. आमच्याकडे उपवासकाळ म्हणजे लग्नं बंद, बँडबाजा बंद, चर्चमध्ये सगळीकडे जांभळा रंग, शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना), आणि घरातल्या प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. बाबा संध्याकाळचा पेग सोडायचे, आई चहातली साखर, आम्ही पोरं गोळ्या-चॉकलेट. हे सगळं इतकं अंगात मुरलंय की विश्वास पातळ झाला तरी सवय जात नाही.

आता अडचण ऐका. मांस सोडू म्हटलं तर सासर शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणजे जे ताटात नाहीच ते सोडून काय मोठा पराक्रम. चॉकलेट मला आता आवडत नाही. चहा सोडला तर डोकं दुखतं आणि त्याची शिक्षा मला कमी आणि घरातल्यांना जास्त होते. फोन सोडणं शक्य नाही, ऑफिसचं सगळं त्यावरच चालतं. मग सोडू काय? नुसतं करायचं म्हणून नकोय, मला काहीतरी जाणवायला हवं. सुचवा.

भियाजी

अरे ताई सोप्पं आहे, शेव सोडा. इंदूरमध्ये राहून शेव सोडून दाखवा, तुम्हाला सरळ संतपद. आणि मी मस्करी नाही करत हां, विचार करा ना, सकाळी पोह्यावर शेव, दुपारी डाळीवर शेव, संध्याकाळी भेळ, पाहुणे आले तर प्लेटमध्ये शेव, आमच्याकडे तर टरबुजावर पण टाकतात. दिवसभर आठवण येत राहील की आपण काहीतरी सोडलंय. तुम्हाला जाणवायलाच पाहिजे ना, मग घ्या.

वसईची_माहेरवाशीण

हसले, पण मुद्दा बरोबर आहे. ज्याची दिवसातून पाच-दहा वेळा आठवण होते तेच सोडायला हवं. पण शेव माझी नाही हो भियाजी, नवऱ्याची आहे. मी सोडली तर त्याला एक वाटी जास्त मिळेल एवढंच.

लष्करवाला

ताई, मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागातला, वयाने मोठा आहे म्हणून चार शब्द लिहितो. आमच्याकडे काशीला किंवा गयेला जाऊन आलं की एक आवडती वस्तू कायमची सोडायची पद्धत होती. आमच्या आजोबांनी काशीला जाऊन कारलं सोडलं. घरी आल्यावर आजी म्हणाली, 'तुम्ही कारलं कधी खाल्लंत हो?' आजोबा म्हणाले, 'शास्त्रात भाजी सोडा म्हटलंय, आवडती सोडा असं कुठे म्हटलंय?' हा वाद ते जाईपर्यंत मिटला नाही.

चातुर्मासातही तेच. कांदा-लसूण-वांगं सोडायचं आणि वर साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी आपल्याला बघून म्हटलंय. तर माझा सल्ला एवढाच की नेम छोटा धरा पण त्यात पळवाट ठेवू नका, आणि संपेल त्या दिवशी उद्यापन रीतसर करा. तुमच्यात ईस्टर म्हणजे उद्यापनच झालं की.

भियाजी

काका, सराफ्यातली साबुदाणा खिचडी, वर फराळी मिक्श्चर, लिंबू पिळलेलं. उपास असेल तर असा.

नास्तिक_नंबर_१

माझा प्रश्न साधा आहे. देव मानत नाही, चर्चला जात नाही, मग हे नाटक कशाला? डायटिंग करायचंय तर डायटिंग म्हणा, डिटॉक्स म्हणा. अर्धवट धर्म पाळणारे लोक मला पूर्ण धार्मिक लोकांपेक्षा जास्त गोंधळात टाकतात.

वसईची_माहेरवाशीण

तुमचा प्रश्न मला आवडला, कारण तो मी मलाच विचारते. उत्तर देते ते पटलं तर पटलं. वर्षभर मी मला हवं तेव्हा हवं ते घेते, मागवते, बघते, ऐकते, आणि कुणी अडवत नाही, अडवलेलं मला चालतही नाही. या चाळीस दिवसांत मी स्वतःला एका गोष्टीत नाही म्हणते आणि तेही मी ठरवलेल्या तारखेला नाही, चांद्र-सौर हिशोब लावून शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी ठरवलेल्या तारखेला, आणि त्याच दिवसांत माझी वसईतली आई, दुबईतला भाऊ, केरळातली मैत्रीण सगळे काही ना काही सोडून बसलेले असतात. डिटॉक्स मी एकटी करते, माझ्यासाठी करते, आणि कंटाळा आला की मंगळवारी सोडून देते, विचारणारं कुणी नसतं. इथे सोबत आहे. देव असला तर तोही सोबत आहे, नसला तर आई तर आहेच. नाटक म्हणा हवं तर, पण मग दिवाळीला फराळ करणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राला पण म्हणा.

नास्तिक_नंबर_१

दिवाळीचा फराळ मी पण खातो, गप्प बसतो. पण एक शेवटचं. तुमच्याच बायबलात लिहिलंय ना, मत्तय सहावा अध्याय, की उपास केलात तर तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका? आणि तुम्ही त्यावर धागा काढलात.

वसईची_माहेरवाशीण

म्हणून तर टोपणनाव घेतलंय. आणि गंमत माहितीये का, तुम्ही सांगताय तेच वाचन राखेच्या बुधवारी चर्चमध्ये होतं. गाजावाजा करू नका हे ऐकायचं आणि पाचच मिनिटांनी कपाळावर राखेचा एवढा मोठा क्रूस घेऊन ऑफिसला जायचं. त्याचं उत्तर मला एकाही फादरांनी नीट दिलेलं नाही.

हरेगावची_नर्स

ताई, मी मूळची श्रीरामपूर तालुक्यातली, कॅथलिक, इंदूरला नर्स आहे. आधी नियम स्पष्ट करते म्हणजे लोकांचे गैरसमज नकोत. चर्च सगळ्यांना काही सोडायला सक्तीने सांगत नाही. सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, यंदा तो ३ एप्रिलला. तेही १८ ते ५९ वयासाठी, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. मांस वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना, त्या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी. आजारी, गरोदर यांना सूट आहे, आणि मधुमेहाच्या पेशंटांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय उपाशी राहायचं नाही, हे मी नर्स म्हणून सांगतेय, चर्चच्या वतीने नाही. मासे, अंडी, दूध चालतं. बाकी चॉकलेट-चहा वगैरे सोडणं हा ज्याचा त्याचा मनाचा नेम.

आणि लेंट म्हणजे नुसतं सोडणं नाही. प्रार्थना, उपवास आणि दान, तीन आहेत. लोक एक धरतात आणि दोन विसरतात.

आता थोडं कडू बोलते, राग मानू नका. मिस्सा नाही, कन्फेशन नाही आणि फक्त लेंट पाळायचा, हे मला बरोबर वाटत नाही. दार उघडं आहे ना, मग खिडकीतून कशाला यायचं?

बडोदेकर

मासे चालतात हे वाचून मला आमचे वसईचे एक ओळखीचे आठवले. शुक्रवारी मांस नाही म्हणून घरी पापलेट तळलेलं, कोळंबीचं कालवण, आणि वर म्हणायचे आज साधंच जेवण आहे.

वसईची_माहेरवाशीण

बडोदेकर, अगदी बरोबर, आम्हाला शुक्रवारी मांस नको म्हणणं म्हणजे माशाचं आमंत्रण. मटण सणाला, मासे रोज, मग त्यागाचा दिवस उलट आवडीचा व्हायचा.

नर्सताई, राग नाही. पण दार तेवढं उघडं नाहीये माझ्यासाठी. आम्ही रजिस्टर लग्न केलं, चर्चमध्ये केलं नाही, परवानगीही घेतली नाही, म्हणजे तुमच्या-माझ्या चर्चच्या हिशोबाने मी कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेऊ शकत नाही. पुढे कधी त्यात लक्ष घालीन तेव्हा घालीन. आत्ता मला खिडकी दिसतेय.

हरेगावची_नर्स

हे मला माहीत नव्हतं. बरं मग ऐका, लग्नाचं प्रकरण फादरांशी बोलून मार्गी लावता येतं, लोक समजतात तेवढं ते अवघड नाही, पण तो तुमचा दोघांचा विषय, मी त्यात पडत नाही. राख मात्र कुणालाही मिळते. कम्युनियन घेता येत नाही त्यांना मिळते, ख्रिस्ती नसलेल्यांनाही मिळते, कुणी कागद विचारत नाही. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून ती राख करतात हे तुम्हाला ठाऊकच असेल. फादर म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. एवढं ऐकायला कॅथलिक असावं लागत नाही. लाल चर्चला या, मीही असेन.

नास्तिक_नंबर_१

मातीला मिळशील हे मात्र मला पूर्ण मान्य.

बडोदेकर

आता माझं म्हणणं. मी ख्रिस्ती नाही पण बडोद्याला मिशनच्या शाळेत शिकलो, आणि धर्मांचा इतिहास वाचायचा नाद आहे. मला वाटतं तुम्ही प्रश्न उलट्या बाजूने धरलाय. काय सोडू म्हणजे मला जाणवेल, असं विचारताय. म्हणजे मध्यभागी तुम्हीच. दुसऱ्या शतकातल्या रोममधल्या एका ख्रिस्ती लिखाणात उपासाची रीत दिलीये ती अशी की त्या दिवशी भाकरी-पाणी घ्या, मग रोज जे जेवला असता त्याची किंमत मोजा आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला देऊन टाका. संपलं. तुम्हाला काय जाणवलं याची नोंदच नाही. यशया ५८ मध्ये तर संदेष्टा लोकांवर चिडलाच आहे, की उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, मला असला उपास नको, भुकेल्याला भाकर द्या, उघड्याला कपडा द्या.

म्हणून मी म्हणतो की सोडलेल्या वस्तूतून कुणाच्या तरी पदरात काहीतरी पडलं पाहिजे. नाहीतर आजकाल जे चाललंय, साखर सोडली, चार किलो वजन उतरलं, फोटो टाकला. वजन उतरवायचंय तर उतरवा, चांगलंच आहे, त्याला लेंटचं नाव कशाला.

भियाजी

बडोदेकर सर एकदम सिक्सर.

पलासियाकर

मी इथला कॅथलिक, मराठी बायकोमुळे हा फोरम वाचायला लागलो, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. इंदूरचं नाव निघालं म्हणून एक सांगायचंय, इथल्या मराठी लोकांना फारसं ठाऊक नसतं. सिस्टर राणी मारिया. केरळच्या, पण काम केलं आपल्या इकडे, देवास जिल्ह्यात उदयनगर भागात, आदिवासी आणि भूमिहीन लोकांमध्ये. सावकारी कर्जातून लोकांना बाहेर काढायचं, सरकारी योजना समजावून सांगायच्या, बचत गट बनवायचे. ज्यांचा धंदा बुडाला ते चिडले. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, बस भरलेली होती. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, मी त्या दिवशी मैदानात होतो.

पण मला दुसरंच सांगायचंय. त्यांची सख्खी बहीण पण सिस्टर. ती मारेकऱ्याला भेटायला तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधली. घरच्यांनी माफ केलं, तो सुटावा म्हणून प्रयत्न केले, २००६ ला तो बाहेर आला. २५ फेब्रुवारी ही त्यांची आठवणीची तारीख बहुतेक वर्षी लेंटमध्येच येते, यंदा तर राखेच्या बुधवारनंतर बरोबर एका आठवड्याने, बुधवारीच. मी दर लेंटला त्यांचा विचार करतो आणि मग मला माझं बिअर सोडणं सांगायची लाज वाटते. तरी सोडतो.

वसईची_माहेरवाशीण

दादा, मी इतकी वर्षं इंदूरात राहून हे फक्त नावापुरतं ऐकलं होतं. लिहिलंत ते बरं केलंत. राखीचं वाचून दोन मिनिटं काही टाइप झालं नाही.

रामबागचा_राजा

माझाही नंबर लावा. मी हिंदू आहे पण धागा वाचून जोश आलाय. मी यंदा चाळीस दिवस मोठ्या भावाशी भांडण सोडणार. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद आहे.

लष्करवाला

उत्तम विचार. आणि एकेचाळिसाव्या दिवशी परत सुरू करणार का?

रामबागचा_राजा

काका

हरेगावची_नर्स

काकांनी गंमतीत बोललंय पण मुद्दा पक्का आहे. लेंटला जे सोडायचं ते मुळात चांगलं किंवा निर्दोष असावं लागतं. चहा चांगला आहे, गाणी चांगली आहेत, म्हणून ती सोडणं हा त्याग. जे वाईटच आहे ते चाळीस दिवस सोडून ईस्टरला परत धरायचं नसतं, ते कायमचंच सोडायचं असतं. शिव्या देणं, खोटं बोलणं, भावाशी वैर, हे त्यागाच्या यादीत येत नाही, ते पश्चात्तापाच्या यादीत येतं. राजा भाऊ, तुम्ही भावाला फोन करा, आणि लेंटसाठी दुसरं काहीतरी शोधा.

रामबागचा_राजा

म्हणजे दोन कामं लागली मागे. धागा वाचायलाच नको होता.

बडोदेकर

माहेरवाशीणताई, तुम्हाला एक विचारू? खाण्यापिण्याचं जरा बाजूला ठेवा. दिवसभरात एक मिनिट मोकळं मिळालं की तुमचा हात पहिला कुठे जातो? विचार न करता?

वसईची_माहेरवाशीण

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि खरंच बघितलं. हात पर्समध्ये गेला. पर्समध्ये इयरबड्सची डबी.

सांगते कसं आहे ते. पांढरी डबी, झाकण उघडताना टक्क वाजतं, आणि तो आवाज आला की घरातल्यांना कळतं आता ही गेली. सकाळी ओट्यापाशी उभी राहिले की कानात, कॅबमध्ये सुपर कॉरिडॉरपर्यंत कानात, जेवताना एक कानात, भांडी लावताना, कपडे वाळत घालताना, झोपेपर्यंत. गाणी नाहीत, पॉडकास्ट. तेही दीडपट वेगाने, म्हणजे जास्त ऐकून होईल. कशासाठी जास्त, ते विचारू नका. सासूबाई काही बोलायला आल्या की मी डावीकडचं काढते, उजवीकडचं तसंच ठेवते, केसांखाली दिसत नाही, आणि हो हो करते. त्या शेजारच्यांच्या नातवाच्या मुंजीचं सांगत असतात आणि माझ्या उजव्या कानात कुणीतरी रोमन साम्राज्य का पडलं ते सांगत असतो. त्यांना कळत असणार. एकदा सहज म्हणाल्या, 'तुझा तो कान सुट्टीवर असला की सांग, मग बोलते.'

यात वाईट काही नाही, हे नर्सताईंच्या कसोटीत बसतं. पॉडकास्ट चांगली असतात, मी त्यातून बरंच शिकले. शेवेसारखं दिवसभर आडवंही येतं. आणि मी नुसता विचार केला की उद्यापासून कॅबमध्ये पाऊण तास नुसतं बसायचं, खिडकीतून बघत, तर पोटात गोळा आला. चॉकलेटच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. तर हेच असणार बहुतेक.

भियाजी

कॅबमध्ये नुसतं बसणं?? विजयनगरच्या सिग्नलला?? ताई ह्याला तर पोपची परवानगी लागेल.

हरेगावची_नर्स

आणि ताई, तुम्ही प्रार्थनेचं विचारलंच नाहीत पण ते आपोआप आलं. एवढी शांतता मिळाली की माणूस काहीतरी बोलतोच, कुणाशी ते नंतर ठरवा.

नास्तिक_नंबर_१

किंवा काही बोलत नाही आणि तेही ठीकच असतं. पण हा पर्याय मला पटला हे नमूद करतो.

बडोदेकर

छान. पण माझा मुद्दा तसाच आहे. कान रिकामा झाला, पदरात कुणाच्या काय पडलं?

वसईची_माहेरवाशीण

पहिलं तर सासूबाईंच्या पदरात, त्यांना दोन्ही कान मिळतील. हे लहान वाटेल पण आमच्या घरात लहान नाहीये.

पैशाचं म्हणाल तर शुक्रवारी रात्री आमच्याकडे बाहेरून मागवायची पद्धत आहे, आठवड्याचा थकवा वगैरे कारणं सांगून. नवरा तयार आहे, शुक्रवारी घरी खिचडी, आणि ऑर्डरचे पाच-सहाशे रुपये बाजूला. वसईला लेंटमध्ये चर्चमधून कागदी पाकिटं मिळायची, त्यात हे असे वाचवलेले पैसे टाकायचे आणि शेवटी परत द्यायचे, गरिबांच्या कामाला जायचे. इथे पाकीट नाही तर एखादा डबा ठेवीन. पण द्यायचे कुणाला? ऑनलाइन कुठेतरी ट्रान्सफर करून मोकळं व्हायचं नाहीये.

हरेगावची_नर्स

एमवायला या. मोठं हॉस्पिटल, धार, झाबुआ, खरगोन, कुठून कुठून पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं, त्याच्याबरोबर आलेल्या माणसांचे हाल असतात, बाहेर फरशीवर झोपलेले असतात, पैसे औषधाला राखून ठेवतात आणि स्वतः चहा-टोस्टवर काढतात. पैसे देऊ नका, जेवण आणा. आणि कृपा करून पुरी-भाजी आणि बुंदी नको, सणावारी सगळे तेच आणतात आणि उरलेलं फेकावं लागतं. साधी खिचडी, गरम, झाकणाचा डबा, कागदी द्रोण. तुम्ही घरी खिचडी करणारच आहात शुक्रवारी, पातेलं मोठं घ्या. यायच्या आधी मला मेसेज करा, कुठल्या गेटला कुणाला विचारायचं ते सांगते, कुठेही वाटायला लागलं की गर्दी होते आणि गार्ड ओरडतात. आणि फोटो काढायचे नाहीत.

वसईची_माहेरवाशीण

फोटोचा प्रश्नच नाही. दर शुक्रवारी जमेल असं छातीठोक नाही सांगत, पण पहिल्या शुक्रवारी नक्की. नवऱ्याला पातेलं उचलायला आणते.

पलासियाकर

मला पण सांगा, गाडी आहे माझ्याकडे. ऑफिसातला माझा शेजारी मुस्लिम आहे, यंदा रमजान पण त्याच आठवड्यात सुरू होतोय, तो म्हणत होता आमचा इफ्तार आणि तुमची खिचडी एकत्रच नेऊ. विचारून सांगतो.

भियाजी

बाकी सगळं ठीक पण एक गंभीर तांत्रिक शंका. ८ मार्चला रंगपंचमी. गेर, म्हणजे आमची रंगांची मिरवणूक. राजवाड्यावर तोफेतून रंग उडणार, डीजे, मिसाईलने गुलाल, अख्खं इंदूर रस्त्यावर. लेंटमध्ये गेरला जायला चालतं का?

हरेगावची_नर्स

८ मार्च रविवार आहे ना? मग जा. १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल मोजा, ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, तो उपासात धरत नाहीत. लेंटमध्ये रविवारी सोडलेली गोष्ट घेतली तर नियम मोडत नाही, पुष्कळ लोक तरी घेत नाहीत, सलग ठेवतात. तुमच्यावर आहे.

लष्करवाला

म्हणजे दर आठवड्याला सुट्टी? आमच्या आजोबांना हे कळलं असतं तर धर्मांतर केलं असतं.

वसईची_माहेरवाशीण

मी रविवारी पण घेणार नाही असं ठरवत होते, पण आता घरात वेगळंच घडलंय. हे सगळं मी संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, दोन्ही कान मोकळे ठेवून. लेंट म्हणजे काय, राख म्हणजे काय, मी काय सोडतेय. त्यांनी शांतपणे ऐकलं, महाशिवरात्रीचा त्यांचा उपास तीन दिवस आधीच, १५ तारखेला, त्यामुळे उपासाचं त्यांना नवल नाही. मग म्हणाल्या मीही सोडते काहीतरी तुझ्या सोबतीला. मी म्हटलं तुम्ही कशाला, तर म्हणाल्या, 'संध्याकाळी सात ते साडेनऊच्या मालिका. तू बोलणार असशील तर मला त्यांची गरज काय.' मला भरूनच आलं, म्हटलं सासूबाई, चाळीस दिवस मालिका नाही म्हणजे केवढं मोठं.

मग मी त्यांना रविवारचा नियम समजावून सांगितला. त्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की बस. रविवारी महाएपिसोड असतात. तुमचा धर्म फार विचारपूर्वक बनवलेला आहे म्हणाल्या.

भियाजी

आजींना माझा सलाम. आणि गेरला घेऊन या त्यांना, महाएपिसोड संध्याकाळी असतो, गेर दुपारीच आटपते.